आधी एकट्यानं, मग चौघांत: प्रवेश परीक्षेची गणितं एकत्र सोडवण्याची रीत

पहिले तीन महिने आम्ही चौघं एकत्र अभ्यास करतोय अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात एकजण गणित सोडवायचा आणि बाकीचे आम्ही तिघं माना डोलवायचो. त्याचा हात वेगवान. आमचं समीकरण मांडून होईपर्यंत तो उत्तर सांगून मोकळा व्हायचा, मग वहीवर रीत दाखवायचा. ती रीत इतकी सरळ दिसायची की "अरे हो, येत होतं मला" असं म्हणत आम्ही पुढचं गणित काढायचो. रात्री दादरच्या पुलावरून उतरताना मनाशी हिशेब असायचा, आज पंधरा गणितं झाली. सराव परीक्षेत त्याचे गुण वाढले. आमचे तिघांचे होते तिथेच राहिले.

दुसऱ्यानं सोडवलेलं गणित समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आपल्याला ते सुचणं वेगळं. त्या सराव परीक्षेनंतर आम्ही बसण्याची रीतच बदलली. आधी प्रत्येकानं न बोलता एकट्यानं सोडवायचं, मग सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर उघड करायचं, आणि बोलायची पहिली पाळी ज्याचं चुकलं त्याची. कॅट (आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा), राज्याची एमबीए सीईटी आणि बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींबरोबर मी आजही असंच बसते. ती रीत इथे गणितांसकट सांगते.

गट आणि जागा

चारजण पुरेत. दोघंच असले की ज्याचं बरोबर येतं तो लगेच शिक्षक होतो आणि दुसरा विद्यार्थी. सहाजण झाले की दोघं हळूहळू मागे सरकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तयारी सारखीच हवी असं नाही, पण पहिल्या बैठकीआधी प्रत्येकानं दहावीपर्यंतचं अंकगणित उजळून यावं: शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम-वेग, लसावि-मसावि. ते न करता आलेल्या माणसासाठी गट थांबतो, आणि थांबणारा गट फार दिवस टिकत नाही.

जागेचा प्रश्न मुंबईत आधी सोडवावा लागतो. घरी चौघांनी वह्या पसरून बसायची सोय क्वचितच असते. अभ्यासिका मात्र आहेत, कित्येक गणेशोत्सव मंडळंही त्या चालवतात. तिथे बोलायला बंदी असते. सुरुवातीला आम्हाला ती अडचण वाटली. नंतर लक्षात आलं की आपल्या कामाला याहून सोयीची जागा नाही. पहिला पाऊण तास अभ्यासिकेत, तोंड बंद, प्रत्येकाचं आपापलं. मग वह्या उचलून बाहेर यायचं आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाहीतर माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये बाक बघून चर्चा करायची. पावसाळ्यात आम्ही एकीच्या इमारतीच्या जिन्यात बसायचो, दोन पायऱ्यांवर दोघं दोघं. शांत बसायची जागा आणि बोलायची जागा वेगळी ठेवल्याचा फायदा असा, की सोडवता सोडवता कुजबुजण्याचा मोह आपोआप जातो.

बैठक किती वाजता संपवायची ते सगळ्यात लांब राहणाऱ्याच्या गाडीवरून ठरवा. आमच्यातली एक अंबरनाथला राहायची, म्हणून साडेआठला वह्या मिटायच्या, मग गणित कितीही रंगात आलेलं असो.

कोणती गणितं आणि किती वेळ

एका बैठकीला आठ गणितं पुरेत. त्यातली पाच एका प्रकरणातली आणि तीन सरमिसळ, कारण परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. सूत्र पाठ असतं, पण कोणतं सूत्र लावायचं ते ओळखता येत नाही, हेच बहुतेकांचं दुखणं. ती तीन गणितं नेमकी त्यासाठी. निवड पाळीपाळीनं एकानं करायची. निवडणाऱ्यानं ती आधी स्वतः सोडवलेली असावीत, नुसती पुस्तकामागची उत्तरं बघून आणू नयेत.

आपली परीक्षा एका प्रश्नाला किती वेळ देते हे गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. गेल्या काही वर्षांत कॅटच्या गणित विभागात ४० मिनिटांत २२ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ११० सेकंद. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा, आणि ज्या प्रश्नांचं उत्तर टाइप करायचं असतं तिथे चुकलं तरी वजाबाकी नाही. बँकांतल्या अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओ पूर्वपरीक्षेत २० मिनिटांत ३५ गणितं, म्हणजे प्रत्येकी ३४ सेकंदांच्या आसपास, आणि चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. एमबीए सीईटीत सगळे विभाग मिळून १५० मिनिटांत २०० प्रश्न, सरासरी ४५ सेकंद, आणि चुकीला वजाबाकी नसल्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नियम बदलू शकतात, तेव्हा आपल्या वर्षाची अधिसूचना एकदा सगळ्यांनी मिळून वाचा.

पण पहिला महिना घड्याळ लावू नका. एका गणिताला पाच मिनिटं द्या. घाईत शिकलेली रीत घाईतच विसरते.

चिठ्ठ्या

प्रत्येक गणितासाठी एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर उत्तर आणि त्याच्या शेजारी एक अक्षर: खात्री असेल तर ख, शंका असेल तर श, अंदाजानं मारलं असेल तर अं. कट्ट्यावर पोचल्यावर सगळ्यांनी एकदम चिठ्ठ्या उघडायच्या. एकामागून एक सांगायला लागलात तर तिसरा माणूस पहिल्या दोघांची उत्तरं ऐकून आपलं बदलतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याची चूक मात्र लपते.

चारही उत्तरं एक आणि चौघांचं ख असेल तर त्या गणितावर अर्धं मिनिटही घालवू नका. सगळ्यात मोलाची चिठ्ठी म्हणजे चुकलेलं उत्तर आणि शेजारी ख. त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी पक्कं चुकीचं बसलंय, आणि एकट्यानं अभ्यास करताना ते त्याला कधीच दिसलं नसतं. त्यानंतर बरोबर उत्तर आणि शेजारी अं. गुण मिळाले तरी गणित आलेलं नाही.

एक गणित सगळं उलगडून

एक माणूस घरून ठरावीक वेळी मोटारसायकलवर निघतो. ताशी ३६ किलोमीटरनं गेला तर कामावर १० मिनिटं उशिरा पोचतो, ताशी ४८ नं गेला तर ५ मिनिटं लवकर. अंतर किती?

आमच्या चार चिठ्ठ्यांपैकी तिघांचं उत्तर ३६ किलोमीटर आणि एकीचं १२, शेजारी ख. जुन्या सवयीप्रमाणे आम्ही लगेच "अगं, तसं नाही" म्हणणार होतो. नियम आठवला आणि तिला बोलू दिलं. तिनं सांगितलं, "दोन वेळांतला फरक १० वजा ५, म्हणजे ५ मिनिटं. पुढचं सगळं समीकरणानं." तिचं समीकरण अचूक होतं, आकडेमोडही अचूक. चूक फक्त पहिल्या ओळीत. एक वेळ ठरल्या क्षणाच्या अलीकडची आणि दुसरी पलीकडची, म्हणून फरक १५ मिनिटांचा. हे तिला आम्ही सांगितलं नाही. "एक रेघ काढ आणि कामाची वेळ मधे मांड" एवढंच म्हटलं. रेघ काढल्याबरोबर तिनं स्वतःच डोक्याला हात लावला. पुढे तसल्या गणितात तिची चूक झाल्याचं मला आठवत नाही.

मग तीन बरोबरवाल्यांची पाळी. तिघांच्या रीती तीन निघाल्या.

पहिली समीकरणाची. अंतर क्ष धरलं तर क्ष भागिले ३६ वजा क्ष भागिले ४८ बरोबर पाव तास. ३६ आणि ४८ चा लसावि १४४, म्हणून क्ष भागिले १४४ बरोबर पाव, आणि क्ष बरोबर ३६.

दुसरी गुणोत्तराची. वेगांचं प्रमाण ३६:४८, म्हणजे ३:४. अंतर तेच असल्यामुळे वेळांचं प्रमाण उलट, ४:३. फरक एका भागाचा आणि तो १५ मिनिटांचा, म्हणून हळू जाताना चार भाग म्हणजे ६० मिनिटं लागली. ताशी ३६ नं एक तास, अंतर ३६ किलोमीटर. यात कागदाला पेन जवळजवळ लागतच नाही.

तिसरी मानून घ्यायची. अंतर सोयीनं १४४ किलोमीटर माना. एकदा ४ तास, एकदा ३ तास, फरक १ तासाचा. आपल्याला फरक पाव तासाचा हवाय, म्हणून अंतरही पावपट, ३६.

तिन्ही रीती प्रत्येकानं आपल्या हातानं एकदा लिहायच्या. मग कोणती कुठे वापरायची ते आपापसात ठरवा. माझं मत विचाराल तर ३४ सेकंदांच्या परीक्षेत दुसरी रीत हवीच. कॅटमध्ये मात्र आकडे बेडौल असतात आणि अटी गुंतलेल्या असतात, तिथे पहिली सुटता कामा नये. नुसत्या झटपट युक्त्यांवर उभी असलेली तयारी प्रश्नाचं एक वाक्य बदललं की कोलमडते. मी ज्या क्लासला जात होते तिथे शंभरेक युक्त्या पाठ करून घेतल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच कुठे चालत नाहीत हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची पायरी म्हणजे गणित फिरवणं. निवडणाऱ्यानं त्याच गणितातून नवा प्रश्न काढायचा: तोच माणूस नेमका वेळेवर पोचायचा तर वेग किती हवा? इथे चौघांपैकी दोघांनी ४२ लिहिलं, ३६ आणि ४८ ची सरासरी. ठरलेली वेळ ५० मिनिटं, कारण ६० मिनिटं घेतली तेव्हा १० मिनिटं उशीर झाला. ३६ किलोमीटर ५० मिनिटांत, म्हणजे ताशी ४३.२. वेगांची सरासरी अशी थेट काढता येत नाही हे वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते कळलं.

मोजणीची गणितं गटातच करावीत

क्रमपर्याय आणि संयोगाच्या (परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या) गणितांत एक वाईट गुण आहे: उत्तर चुकलं तरी ते चुकीचं दिसत नाही. अंतर उणे आलं तर आपण थबकतो, पण १८ प्रकार आले की १२ यायला हवे होते हे कळायला वाव नसतो. इथे चौघं असण्याचा सर्वांत मोठा उपयोग होतो, कारण दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तरच त्यावर विश्वास ठेवता येतो.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असते, त्यावरूनच आम्ही गणित बनवलं होतं. चार मित्र एका बाकावर बसलेत, त्यातले दोघं भांडलेत आणि शेजारीशेजारी बसणार नाहीत. किती प्रकारे बसता येईल?

एक वाट उलटी. एकूण प्रकार २४. भांडलेले दोघं शेजारी येतील ते प्रकार वजा करायचे. दोघांची एक गाठोडी धरली तर गाठोडी आणि बाकी दोघं मिळून तीन गोष्टी, ६ प्रकार. गाठोडीच्या आत दोघं जागा बदलू शकतात म्हणून ६ गुणिले २, म्हणजे १२. उत्तर २४ वजा १२, म्हणजे १२. आतली अदलाबदल विसरली की उत्तर १८ येतं, आणि परीक्षेच्या पर्यायांत १८ हमखास असतं.

दुसरी वाट सरळ. भांडलेल्यांपैकी पहिला खिडकीत किंवा थेट चौथ्या सीटवर बसला, तर दुसऱ्याला दोन जागा चालतात: २ गुणिले २, म्हणजे ४. पहिला मधल्या दोन जागांपैकी एकीवर बसला, तर दुसऱ्याला एकच जागा उरते: २ गुणिले १, म्हणजे २. एकूण ६. उरलेले दोघं उरलेल्या जागांवर २ प्रकारे. ६ गुणिले २ बरोबर १२.

गटात दोघांनी उलट्या वाटेनं आणि दोघांनी सरळ वाटेनं जायचं, असं या प्रकरणापुरतं आधीच वाटून घ्या. आकडे जुळले नाहीत की कुणाची पायरी कुठे सुटली ते शोधण्यात जी दहा मिनिटं जातात, त्यांतच हे प्रकरण शिकून होतं.

तोंडी हिशेब

गट चालत स्टेशनकडे निघाला की पाढे म्हणा. मी अगदी मनापासून सांगतेय. आपल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनकी) पाठ असायची, आणि आज शेकडेवारीत आपण धडपडतो ते नेमक्या याच पाढ्यांशी. २५ टक्के नफा म्हणजे खरेदीची सवाई. ४८ ची सवाई ६०. सवाईची सवय असलेला माणूस "६० ला विकून २५ टक्के नफा, तर खरेदी किती" या प्रश्नात ६० मधून २५ टक्के वजा करून ४५ म्हणणार नाही, कारण ४५ ची सवाई ५६.२५ होते हे त्याचे कान सांगतात. त्यांच्या जोडीला १ भागिले ६ म्हणजे १६.६७ टक्के, १ भागिले ७ म्हणजे १४.२९, १ भागिले ८ म्हणजे १२.५, १ भागिले ११ म्हणजे ९.०९, १ भागिले १२ म्हणजे ८.३३, एवढे पाठ करा. कॅटमध्ये पडद्यावर कॅलक्युलेटर असतो, पण माऊसनं एकेक आकडा टिचकवण्यात जाणारा वेळ तोंडी हिशेबात वाचतो.

चुकांची वही

गटाची एकच वही, दर आठवड्याला वेगळ्याच्या घरी जाणारी. तिच्यात सोडवलेली गणितं उतरवायची नाहीत. ज्याचं चुकलं त्यानं स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहायच्या: प्रश्न कशाबद्दल होता, मी काय केलं, काय करायला हवं होतं. "सिली मिस्टेक" हा शब्द वहीत चालणार नाही. त्या शब्दाखाली चार वेगवेगळे आजार लपतात: प्रश्न नीट वाचला नाही, मांडणी चुकली, आकडेमोड चुकली, किंवा विचारलं होतं एक आणि उत्तर काढून थांबलो दुसऱ्याच गोष्टीचं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मला दोन महिन्यांनी वही चाळताना दिसलं की माझ्या निम्म्याहून जास्त चुका शेवटच्या प्रकारातल्या होत्या. तेव्हापासून मी प्रश्न वाचताना "काय विचारलंय" त्या शब्दाखाली आधी रेघ मारते.

मधल्या दिवसांत

आठवड्यातून दोनदाच भेटणं जमतं, म्हणून उरलेल्या दिवशी फोनच्या ग्रुपवर रोज एक गणित. सकाळी आठला टाकायचं, गाडीत बसायला मिळालं तर गाडीत, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत सोडवायचं, आणि रात्री दहाला प्रत्येकानं हातानं लिहिलेल्या रीतीचा फोटो टाकायचा. दहाच्या आधी कुणीही उत्तर टाकायचं नाही. पावसात गाड्या बंद पडून बैठक रद्द झाली तर हाच ग्रुप कामी येतो.

भांडणं आणि रुसवे

गट तुटतो तो बहुतेकदा वेगवान माणसामुळे किंवा गप्प माणसामुळे. वेगवान माणसाला थांबायला सांगून तो थांबत नाही, त्याला काम द्या. गणित फिरवून नवा प्रश्न बनवणं हे सोडवण्यापेक्षा अवघड आहे, ते त्याच्याकडे सोपवा. आमच्या त्या मित्राची कॅटची तयारी खरी पक्की झाली ती प्रश्न बनवायला लागल्यावर, असं तो स्वतः सांगतो. गप्प माणसाला सगळ्यांसमोर "समजलं का?" विचारू नका, तो हो म्हणणार. त्याच्या हातात पेन द्या आणि पुढची एक ओळ लिहायला सांगा.

परीक्षेच्या आधीचा महिना

आता घड्याळ लावा. आठऐवजी पूर्ण विभाग, अभ्यासिकेत, परीक्षेच्या नेमक्या वेळात. कट्ट्यावर आल्यावर आधी चर्चा उत्तरांची नाही, सोडलेल्या प्रश्नांची: कुणी कोणता प्रश्न हातात घेतला, किती वेळ अडकला, कधी सोडला. शेवटचा आठवडा नवीन गणितं पूर्ण बंद. फक्त वही, आणि तीही दुसऱ्याच्या चुकांची पानं.

पहिल्या बैठकीसाठी तीन गणितं देते. सोसायटीची टाकी पंपानं ४ तासांत भरते, पण तळाशी गळती असल्यामुळे ५ तास लागतात. पंप बंद असताना भरलेली टाकी गळतीनं किती तासांत रिकामी होईल? वडापाव १६ रुपयांवरून २० झाला, तर खर्च तेवढाच ठेवायला खाणं किती टक्के कमी करावं लागेल? ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तितकंच पाणी घातलं, असं एकूण तीनदा केलं. आता दूध किती उरलं? चिठ्ठ्या उघडल्यावर ताडून बघा: २० तास, २० टक्के, २९.१६ लिटर. तिसऱ्या गणितात कुणाच्या चिठ्ठीवर २८ आणि शेजारी ख निघालं, तर पेन आधी त्याच्या हातात द्या.